मोकळं टोक

कुलदीपनं म्हशी विकल्या आणि गोठ्यात इंटरनेट बांधलं, असं चऱ्होलीत लोक हसून सांगायचे. आणि हसणारेच संध्याकाळी फोन करायचे, "कुलदीप, नेट लई स्लो हाय बग." गोठा तोच होता. गव्हाणीच्या जागी लोखंडी मांडणी आली, मांडणीवर डबे आले, डब्यांना हिरवे दिवे आले. दावी बांधायचे खुंटे भिंतीत तसेच होते, त्यांना तो वायरची भेंडोळी अडकवायचा. त्याच्या आईनं, सोजराबाईनं, जागा देताना एकच अट घातली होती. गोठा रोज झाडून त्यात पाणी शिंपडणार, मग आत म्हशी असोत नाहीतर डबे.

"आई, एक थेंब उडाला ना डब्यावर, तर सगळं जळंल."

"तुज्या डब्यास्नी मी पाणी पाजत न्हाई. भुईवर शिंपडते. धुरळा बसतो."

सोजराबाई शिंपडायची आणि कुलदीप मागून फडक्यानं डबे पुसत बसायचा.

गोठ्याच्या मागं त्यांचं एक वावर, त्याला लागून चुलत भावाचं, पिंटूचं वावर, आणि त्यापलीकडं पूर्वीचा सामायिक माळ. माळ बिल्डरला गेला, तिथं चार टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्या एका इमारतीला कुलदीपनं महिनाभर चाचणी म्हणून नेट दिलं होतं. रविवारी सोसायटीची मीटिंग होती. चारही इमारती कुलदीपला द्यायच्या की एका मोठ्या कंपनीला, ते त्या दिवशी ठरायचं होतं. सोसायटीच्या सेक्रेटरी दिपाली मॅडम स्वतः घरून काम करायच्या. त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं. "तुम्ही जवळ राहता म्हणून संधी देतोय. पण बंद पडलं आणि कारण सांगता आलं नाही, तर मला कमिटीपुढं तुमची बाजू घेता येणार नाही."

काम गेलं तर पुढं काय, हे कुलदीपला चांगलं ठाऊक होतं. पुढं चाकण. आधी तो तिथं एका कंपनीत कंत्राटावर प्रेस मशीनला उभा राहायचा. डाव्या करंगळीचं वरचं पेर तिथंच राहिलं होतं. सुपरवायझर त्याच्यापेक्षा लहान पोरगा, त्याला 'सर' म्हणायचं आणि लघवीला जाताना हात वर करायचा. म्हशी विकताना आई रडली तेव्हा तो म्हणाला होता, "परत चाकणला पाठवायचं असंल तर राहू दे म्हशी." मग आईनं स्वतः दावी सोडून दिली.

सोसायटीला जाणारी तार पिंटूच्या बांधावरच्या खांबावरून जात होती. दुसरी वाट नव्हती, रस्त्याकडेनं कुणी खोदू देईना. फायबरची तार ती, करंगळीएवढी सुद्धा जाड नाही. पिंटूनं आधी खांब रोवू दिला होता. मग शिवरात्रीच्या सुमाराला मोजणी झाली, बांधाचा दगड हातभर सरकला, आणि दोघं भाऊ मोजणीवाल्याच्या देखत एकमेकांचे आईबाप काढून बसले. जाताना पिंटू म्हणाला होता, "माज्या बांधावरची तार मी कवा बी तोडीन." तेव्हापासून बोलणं बंद. पिंटू सकाळी दूध घालायला सोसायटीत जायचा, कुलदीप वायर बघायला जायचा, आणि दोघं गेटवर एकमेकांच्या डोक्यावरून पलीकडं बघायचे.

त्या गुरुवारी सकाळी ऊन आठलाच चढलं होतं. कुलदीपची बहीण स्नेहल गोठ्यात गारव्याला बसून पुस्तक वाचत होती. ती पॉलिटेक्निकला शेवटच्या वर्षाला होती आणि कॉम्प्युटर नेटवर्कचा पेपर तोंडावर आला होता. मोठ्यानं वाचल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरायचं नाही.

"निरोप अख्खा जात नाही. त्याचे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो."

सोजराबाई दारात लसूण सोलत होती. "आन वाटंत एखादा तुकडा हरवला मंग?"

"ज्याला पोचला नाही तो परत मागतो. पोचला म्हणून कळेपर्यंत हा परत परत पाठवतो."

"मानसापरास बरं हाय की ह्ये," सोजराबाई म्हणाली आणि लसणाची टरफलं फुंकून टाकली.

स्नेहल कॉलेजला गेली. कुलदीप एका वायरच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकची बोंडकं दाबून बसवून, एक टोक मांडणीवरच्या मोठ्या डब्यात लावून तपासत होता. या डब्याला ते स्विच म्हणायचे. पाठीमागून येणारी मुख्य लाइन त्यात शिरायची आणि तिथून गावात, सोसायटीत फुटायची. तेवढ्यात चाकणहून फोन आला. तिथल्या एका शेडच्या ऑफिसातलं, कुलदीपनंच जोडून दिलेलं नेट गेलं होतं आणि मालक तापला होता. कुलदीप तसाच उठला, तारा जोडायच्या मशीनची बॅग खांद्याला मारली आणि गाडीला किक मारली. तपासत होता ती वायर तशीच राहिली. एक टोक डब्यात, दुसरं खाली भुईवर.

नंतर सोजराबाई बादली घेऊन आत आली. झाडलं, ओंजळीनं पाणी शिंपडलं, आणि मागं वळली तर ओल्या भुईवर वायरचं टोक पडलेलं. ती जागच्या जागी थांबली. बादली हळूच खाली ठेवली. मग दारातली कोरडी काठी आणली आणि काठीनं ते टोक उचलून कोरड्या जागी घेतलं. त्याला पुढं प्लास्टिकचं चौकोनी बोंडूक होतं. तिनं डब्याकडं बघितलं. तशाच आकाराची पुष्कळ भोकं होती, त्यातली काही मोकळी होती. हाताला पदर गुंडाळून तिनं ते बोंडूक एका मोकळ्या भोकात खोचलं. टक् करून बसलं. आता कुठंच काही लोंबत नव्हतं. ती बादली घेऊन निवांत घरात गेली.

दुपारी काम उरकून कुलदीप परत निघाला आणि चाकणच्या चौकात ट्रकांच्या मध्ये अडकला असताना दिपाली मॅडमचा फोन आला.

"कुलदीप, अख्ख्या इमारतीचं नेट गेलंय. माझी क्लायंटबरोबरची मीटिंग मधेच तुटली."

"बघतो मॅडम. आलोच."

"काय झालंय ते तरी सांगा."

"बघून सांगतो."

गावातून एकही फोन नव्हता. दुपारी गावात असतं कोण, निम्मं गाव कंपनीत आणि उरलेलं झोपलेलं. कुलदीपला वाटलं फक्त सोसायटीचंच गेलंय. आणि सोसायटीचंच गेलं म्हणजे मधली तार. आणि मधली तार म्हणजे पिंटू. आळंदी फाट्यापर्यंत येईस्तोवर त्याच्या डोक्यात हे पक्कं झालं. इतकं पक्कं की घरी जाऊन डब्याचे दिवे बघायची गरज त्याला वाटली नाही. गाडी त्यानं सरळ बांधाकडं घातली.

पिंटू खांबाजवळच उभा होता. हातात कोयता. सुबाभळीच्या फांद्या तोडून शेळ्यांसाठी भारा बांधत होता. एक फांदी तारेवर घासत होती ती त्यानं आधी उतरवली होती, पण ते त्याला कुणी विचारलं नाही.

"तोडलीस ना शेवटी," कुलदीप गाडीवरूनच म्हणाला.

"काय तोडली?"

"पिंट्या, नाटक करू नको. माज्या पोटावर पाय द्यायचा व्हता तर समोरून द्यायचा. असा चोरागत कशाला देतो?"

सोसायटीच्या भिंतीला वॉचमन येऊन उभा राहिला. दोन बायका पिशव्या घेऊन थांबल्या. त्या पिंटूकडून दूध घ्यायच्या. पिंटूनं त्यांच्याकडं बघितलं आणि मग कुलदीपकडं. पिंटू दोन वर्षांनी मोठा. आजवर भांडणातसुद्धा कुलदीपनं त्याला दादाच म्हटलं होतं.

"वर बग," पिंटू म्हणाला. "तार हाय का न्हाई?"

"आतनं पिचवली असशील. तुला काय कळत न्हाई व्हय? चोर ते चोर."

पिंटूनं भारा खाली टाकला. खांबाच्या वरच्या खुंटीपर्यंत हात पुरत नव्हता, म्हणून तो बांधावर चढला, आणि कोयत्यानं एका फटक्यात तार तोडली. दोन्ही टोकं गवतात पडली.

"आता तोडली," तो म्हणाला. "आता म्हन."

कुलदीप धावून गेला. पिंटूनं त्याला छातीवर नुसता हात लावून ढकलला. मागं घासाला पाणी सोडलेलं होतं. कुलदीप चिखलात बसला तो कमरेपर्यंत भिजूनच उठला. भिंतीमागची एक बाई हसली आणि लगेच तोंडावर पदर घेतला.

"पुन्यांदा माज्या बांधावर पाय ठेवायचा न्हाई," पिंटू म्हणाला आणि भारा डोक्यावर घेऊन चालता झाला.

कुलदीप घरी आला तेव्हा स्नेहल कॉलेजातून येऊन गोठ्यात उभी होती. तिनं त्याच्या पँटच्या चिखलाकडं बघितलं. तो म्हणाला, "पिंट्यानं तार तोडली. सोसायटी बंद."

"दादा, घरचं पण बंद आहे."

"घरचं कसं बंद असंल?"

"बंद आहे. हे बघ ना."

डब्यावरचे सगळे हिरवे दिवे एकदम, एका तालात, वेड्यागत लुकलुकत होते. एरवी ते आपापल्या लहरीनं लागायचे, विझायचे. स्नेहलनं वाकून एकेक वायर बोटानं पाठीमागपर्यंत तपासली. एका वायरवर तिचं बोट डब्यातून निघालं आणि त्याच डब्यात येऊन थांबलं. तिनं ते टोक उपसलं. दिवे शांत झाले. कुलदीपच्या खिशातला मोबाइल लागलीच कुईकुई करायला लागला.

"ही वायर दोन्हीकडून कुणी लावली?"

दारात सोजराबाई उभी होती.

"म्या लावली. टोक मोकळं पडलं व्हतं. वल्या भुईवर."

स्नेहल आईला समजावून सांगायला लागली, म्हणजे खरं तर कुलदीपलाच. "हा डबा भोळा असतो आई. काही निरोप असे असतात, त्याला ते सगळ्या भोकांतून सोडावे लागतात. ही वायर ह्याच्यातनंच निघून ह्याच्यातच गेली. मग बाहेर सोडलेला निरोप परत आत. आत आला की परत सगळीकडं. असं फिरत राहतं आणि खऱ्या निरोपाला जायला वाटच उरत नाही."

"पाटाचं पानी फिरून हिरीतच सोडल्यावानी."

"तसंच. मोटार चालू आणि वावर कोरडं."

"आन तवा सोसायटीचं पन ह्याच्यामुळंच गेल्यालं?"

"हो."

सोजराबाईनं कुलदीपकडं बघितलं. "मंग पिंटूनं काय तोडलं?"

कुलदीप गव्हाणीच्या जुन्या कट्ट्यावर बसला. सगळं सांगितलं. 'चोर' म्हणालो तेही सांगितलं, तेवढा प्रामाणिकपणा त्याच्यात होता. सोजराबाईच्या हातातल्या बांगड्या एकदा वाजल्या, बास.

वायरचं टोक मोकळं दिसलं की सोजराबाई जागीच थबकायची, आणि त्याला कारण होतं. पिंटूचे वडील दादासाहेब, म्हणजे तिचे थोरले दीर, विहिरीवर शॉक लागून गेले होते. तेव्हा पिंटू शाळेतही जात नव्हता आणि कुलदीप तिच्या कडेवर होता. आदल्या दिवशी स्टार्टर बिघडला होता. तो कुलदीपच्या वडलांनी, लक्ष्मणरावांनी, उघडून दुरुस्त केला होता आणि वायरचं एक टोक तसंच उघडं ठेवून चहाला घरी आले होते. लाइट नव्हती. मधेच लाइट आली. दादासाहेब अनवाणी पाण्यातून चालत गेले. कोरड्या काठीनं वायर बाजूला केली ती सोजराबाईनं, पण तोवर उशीर झाला होता.

टोक कुणी उघडं ठेवलं हे दोन्ही घरांना माहीत होतं. लक्ष्मणरावांनी ते तोंडानं कधी कबूल केलं नाही. दहाव्यालासुद्धा पाहुण्यांना सांगत होते, लाइटीनं घात केला. नंतर वावरं वाटली गेली, माळ विकला गेला, लक्ष्मणरावही गेले, आणि 'चूक माझी' हे वाक्य कुणी बोललंच नाही. पिंटूच्या आईनं, शालनबाईनं, कधी मागितलं नाही. फक्त विहिरीवरची त्यांची पाळी आली की ती लक्ष्मणरावांच्या अंगणातून न येता लांबून वळसा घालून जायची.

सोजराबाईनं पदर खोचला. "मी जाते त्यांच्याकडं."

"तू नको. मी जातो," कुलदीप म्हणाला.

"तुला बांधावर पाय ठिवायला बंदी हाय. मला न्हाई."

ऊन उतरलं होतं. ती बांधानं निघाली आणि खांबाजवळ येऊन थांबली. तारेचं टोक वाटेवरच गवतात पडलं होतं. पलीकडं पिंटू शेळ्यांना पाला टाकत होता, शालनबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. दोघांनीही तिला बघितलं. ती तिथंच उभी.

पिंटूला शेवटी राहवलं नाही. तो वाटेपर्यंत आला. "काकी, या की. त्यात करंट नसतो. नुसती काच असती, त्यातनं उजेड जातो."

"ठावं हाय मला. स्नेहलनं सांगितलंय. पर पाय उचलत न्हाई."

पिंटूनं खाली वाकून ते टोक उचललं आणि खांबाला गुंडाळलं. मग ती पुढं आली. शालनबाईनं सूप बाजूला ठेवून तिला बसायला पोतं सरकवलं.

"आक्का," सोजराबाई म्हणाली, "तार पिंटूमुळं बंद पडली नव्हती. माज्यामुळं पडली. गोठ्यात टोक मोकळं दिसलं, म्या ते भोकात खोचलं. कुलदीपनं बगितलं न्हाई आन हितं यिऊन नको नको ते बोलला."

शालनबाईनं वर बघितलं. "मोकळं दिसलं म्हून?"

"व्हय."

"मी बी पंख्याची वायर खोचून ठिवते," शालनबाई म्हणाली. "पिंटू वरडतो. म्हनतो, आये, पंखा नको तवा बी वायर भोकात कशाला घालतीस."

पिंटू उगाच शेळीच्या गळ्यातली दोरी सारखी करत बसला. मग म्हणाला, "त्याला म्हनावं मशीन घिऊन ये. दिवस मावळायच्या आत."

कुलदीप आला तो कोरडी पँट घालून. बांधापाशी थांबला आणि पिंटूनं मान हलवल्यावरच पाय टाकला. खांबाला जास्तीची तार गुंडाळून ठेवलेली होती म्हणून टोकं एकमेकांपर्यंत पुरली. कुलदीपनं बांधावर गोणपाट टाकून मशीन मांडलं, तारेचं साल काढलं, आतली केसासारखी काच स्पिरिटच्या कापसानं पुसली. काचेचे बारीक तुकडे तो एका रिकाम्या बाटलीत टाकत होता, कारण पायात घुसले तर दिसत नाहीत. अंधारून यायला लागलं तसं पिंटूनं न सांगता मोबाइलची बॅटरी लावून धरली.

"हात हलवू नको," कुलदीप म्हणाला, आणि मग जरा वेळानं, "दादा."

पिंटूनं हात हलवला नाही.

पहिला जोड बसला नाही. कुलदीपची पेर गेलेली करंगळी तारेला नीट टेकू देत नव्हती. त्यानं टोक परत कापलं, परत पुसलं. दुसऱ्यांदा मशीननं जोड घेतला. त्यानं आधीच ओवलेली नळी त्यावर सरकवली, गरम केली, आणि तार वर खुंटीला बांधायला पिंटूनं खांदा दिला. दोन्ही बायका ओट्यावरून उठून बांधापर्यंत आल्या होत्या. एकही टोक खाली लोंबत नाही हे बघूनच सोजराबाई खाली बसली.

फोन वाजला. दिपाली मॅडम होत्या. कुलदीपचे हात चिकट होते म्हणून त्यानं स्पीकरवर टाकला.

"आलं नेट. पण मी तुम्हाला दुपारपासून एकच विचारतेय. झालं काय होतं? इथं वॉचमन म्हणतोय शेजाऱ्यानं तार तोडली. तसं असेल तर कमिटी म्हणेल, भावकीच्या भांडणातलं नेट आम्हाला नको."

कुलदीपनं पिंटूकडं बघितलं. पिंटू तोंड फिरवून सोसायटीच्या दिव्यांकडं बघत होता. शालनबाई बांधावर उभी होती, ओट्यावरून उठताना घेतलेलं सूप हातातच.

"शेजाऱ्यानं काय केलं नाही मॅडम," कुलदीप म्हणाला. "चूक माझी. सकाळी घाईत गेलो आणि वायरचं टोक माझ्या हातनं मोकळं राहिलं. त्यामुळं सगळं बंद पडलं."

"बरं. हे रविवारी मीटिंगमध्ये असंच सांगाल?"

"सांगतो."

"मग मी तुमचं नाव यादीतून काढत नाही. पण पुन्हा असं नको."

फोन बंद झाला. पिंटू अजून मोबाइलची बॅटरी धरूनच उभा होता, जिथं आता काही बघायचं उरलं नव्हतं. शालनबाईनं सूप खाली ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला. आवाज न करता बराच वेळ रडली. कुणी तिला गप्प बस म्हणालं नाही.

मग तिनं नाक पुसलं आणि कुलदीपला म्हणाली, "भाकरी टाकते. जिवून जा."

कुलदीप मशीन आवरत होता. तो म्हणाला, "व्हय मोठी आई." सोजराबाई उठली, जावेच्या पुढं होऊन घरात गेली आणि चुलीपुढं बसून पीठ मळायला घेतलं.